सरासरीआड लपलेला डोस: व्हीईजीएफ जनुक स्नायूपेशींत पोहोचवण्याच्या एका प्रयोगाचं प्रकरण

हे प्रकरण एका संशोधन गटाचं आहे. गटाचं नाव, ठिकाण आणि माणसांची ओळख वगळली आहे. निर्णयांचा क्रम आणि त्यामागची कारणं तशीच ठेवली आहेत. व्हायरल वेक्टर (जनुक वाहून नेण्यासाठी बदललेला विषाणू) वापरून पेशींत रक्तवाहिन्या वाढवणारं जनुक घालू पाहणाऱ्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल, म्हणून ते सविस्तर मांडावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

पायाच्या मुख्य धमनीत अडथळा आला की खालच्या स्नायूंना ऑक्सिजन कमी पडतो. शरीर आपल्या परीने वाट काढतं. ऑक्सिजन कमी पडलेल्या पेशींत एचआयएफ नावाचं प्रथिन टिकून राहतं, ते व्हीईजीएफचं जनुक चालू करतं आणि व्हीईजीएफ जवळच्या केशवाहिन्यांच्या अस्तरपेशींना नव्या फांद्या फोडायला लावतं. वय वाढलं किंवा मधुमेह असला की हा प्रतिसाद तोकडा पडतो. मग तो बाहेरून वाढवता येईल का, या प्रश्नावर गेली तीन दशकं काम चालू आहे.

व्हीईजीएफचा शोध दोन वेगळ्या वाटांनी लागला, आणि या प्रकरणात त्या दोन्ही वाटा पुन्हा भेटतात. १९८३ मध्ये सेंगर, ड्वोराक आणि सहकाऱ्यांनी रक्तवाहिन्यांतून गळती वाढवणारं एक प्रथिन वर्णिलं. १९८९ मध्ये फेरारा आणि हेन्झेल यांनी अस्तरपेशींची वाढ करणारं एक प्रथिन शुद्ध केलं. पुढे कळलं की दोन्ही एकच. म्हणजे वाहिन्या वाढवणारं हे प्रथिन त्यांना गळायलाही लावतं. हा गुण बाजूला काढून फक्त वाढ घेता येत नाही.

प्रथिन थेट टोचण्याचा मार्ग आधी आजमावला गेला. पण रक्तात ते काही मिनिटांतच निघून जातं. हृदयरुग्णांवरच्या १७८ जणांच्या विवा चाचणीत (निष्कर्ष २००३) आधी ठरवलेल्या मुख्य निकषावर प्लासिबोपेक्षा फायदा दिसला नाही. म्हणून जनुक देण्याकडे कल वळला: जिथे हवं तिथल्या पेशींनीच ते प्रथिन बनवत राहावं. १९९६ मध्ये आयसनर यांच्या गटाने एका रुग्णाच्या पायाच्या धमनीतून व्हीईजीएफ-१६५ (आकडा प्रथिनातल्या अमिनो आम्लांचा) या प्रकाराचा प्लास्मिड, म्हणजे जनुक वाहणारं डीएनएचं सुटं कडं, देऊन नव्या वाहिन्या दिसल्याचं प्रसिद्ध केलं. त्याच रुग्णाच्या त्या पायाला सूज आली आणि त्वचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे रक्तवाहिन्यांचे ठिपके उमटले, हेही त्यांनी नोंदवलं. २००३ मधल्या रेव्ह चाचणीत पाय दुखून चालणं थांबणाऱ्या १०५ रुग्णांना अ‍ॅडेनोव्हायरसमधून व्हीईजीएफ-१२१ दिलं गेलं. चालण्याच्या क्षमतेत फायदा दिसला नाही, सूज मात्र वाढली.

आपल्या प्रकरणातल्या गटाने यावरून एक रास्त निष्कर्ष काढला. वेक्टर थेट पायात टोचला तर कोणत्या पेशीत किती जनुक गेलं यावर ताबा राहत नाही. त्यापेक्षा पेशी बाहेर काढाव्यात, त्यांत जनुक घालावं, तपासाव्यात आणि मगच परत ठेवाव्यात. पेशी निवडल्या त्या स्नायूच्या पूर्वपेशी, म्हणजे मायोब्लास्ट. त्या प्रयोगशाळेतल्या ताटात वाढतात, स्नायूत टोचल्यावर तिथल्या तंतूंशी एकरूप होतात आणि टोचलेल्या जागीच राहतात. नमुना होता उंदराचा: मांडीची धमनी बांधायची, पेशी टोचायच्या आणि लेसर डॉप्लरने रक्तप्रवाह मोजत राहायचं.

गटात स्नायूजीवशास्त्रातल्या एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ होत्या, वेक्टर बनवण्याची जबाबदारी असलेला एक संशोधक, दोन पीएचडी विद्यार्थी आणि प्राण्यांची देखभाल पाहणाऱ्या पशुवैद्य होत्या. या पशुवैद्यांना लक्षात ठेवावं. पहिला इशारा त्यांनीच दिला.

पहिला निर्णय: कोणता विषाणू

सुरुवात अ‍ॅडेनोव्हायरसने झाली, कारण तो हाताशी होता. स्वतःच्या वाढीसाठी लागणारा ई-१ भाग काढून टाकलेला हा वेक्टर तो भाग पुरवणाऱ्या २९३ नावाच्या पेशींत वाढवता येतो, टायटर (द्रवातलं विषाणूंचं प्रमाण) भरपूर मिळतं आणि जागाही पुरेशी असते. व्हीईजीएफसारखं छोटं जनुक त्यात सहज बसतं. दुसऱ्याच दिवशी माध्यमात व्हीईजीएफ भरपूर मिळालं. मग पेशी दोनदा विभागल्या आणि आकडा घसरला. अ‍ॅडेनोव्हायरसचा डीएनए पेशीच्या गुणसूत्रात शिरत नाही, तो केंद्रकात सुटा राहतो. पेशी विभागली की तो वाटला जातो, त्याची नवी प्रत बनत नाही. प्राण्यांत पहिल्या आठवड्यात नव्या वाहिन्या दिसल्या, पण महिन्याभराने त्यांतल्या बहुतेक नाहीशा झाल्या.

हे अनपेक्षित नव्हतं. २००२ मध्ये डोर आणि सहकाऱ्यांनी व्हीईजीएफ हवं तेव्हा चालू-बंद करता येणाऱ्या उंदरांत दाखवलं होतं की नव्या वाहिन्या काही काळ व्हीईजीएफवर अवलंबून असतात. पुरवठा लवकर तोडला तर त्या विरून जातात. एक टप्पा ओलांडला की त्याशिवायही टिकतात. स्नायूत हा काळ साधारण चार आठवड्यांचा धरला जातो. अ‍ॅडेनोव्हायरसचा प्रभाव त्याआधीच संपतो. त्यात भर म्हणजे विषाणूच्या प्रथिनांविरुद्ध शरीर टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) तयार करतं आणि वेक्टर असलेल्या पेशी मारल्या जातात.

एएव्ही या आणखी एका छोट्या विषाणूचा विचार झाला. स्नायूच्या परिपक्व तंतूंत तो उत्तम चालतो आणि वर्षानुवर्षं जनुक चालू ठेवतो, पण विभागणाऱ्या मायोब्लास्टमध्ये तोही विरळ होत जातो. तो थेट टोचायचा म्हटलं तर पेशी आधी तपासण्याचा मूळ उद्देशच उरत नाही. साधा प्लास्मिड फार कमी पेशींत पोहोचतो.

उरला लेंटिव्हायरस, म्हणजे एचआयव्हीच्या कुळातला विषाणू. तो गुणसूत्रात समाविष्ट होतो, त्यामुळे पेशी कितीही विभागल्या तरी जनुक राहतं. धोका सर्वांना ठाऊक होता. एससीआयडी-एक्स१ या जन्मजात प्रतिकारशक्ती नसण्याच्या रोगावरच्या चाचणीत गॅमा-रेट्रोव्हायरस हा गुणसूत्रात शिरणारा दुसरा वेक्टर एलएमओ-२ या जनुकाजवळ घुसल्याने काही मुलांना रक्ताचा कर्करोग झाला होता; पहिली घटना २००२ मध्ये उघडकीस आली. आजचे लेंटिव्हायरल वेक्टर स्वतःची टोकं निष्क्रिय करणारे असतात, त्यामुळे शेजारची जनुकं जागी होण्याचा धोका कमी होतो, संपत नाही. उंदरावरच्या कामापुरता तो स्वीकारता येईल असं ठरलं. माझ्या मते वेक्टरची ही निवड योग्य होती. चूक पुढच्या पायरीवर झाली, आणि तीही सगळे सहमत असताना.

दुसरा निर्णय: किती विषाणू

बैठकीच्या टिपणात एक वाक्य आहे: किमान ९५ टक्के पेशींत जनुक गेलं पाहिजे. वाक्य निरुपद्रवी दिसतं. जनुक नसलेल्या पेशी टोचून उपयोग काय, असं कुणालाही वाटेल.

पण विषाणू पेशींवर समान वाटले जात नाहीत. एका पेशीमागे सरासरी किती संसर्गक्षम विषाणू दिले याला एमओआय म्हणतात. वाटणी योगायोगाने होते असं धरलं तर ती प्वासाँच्या सूत्राने चालते. एमओआय ३ असेल तर सुमारे ५ टक्के पेशी कोऱ्या राहतात, म्हणजे ९५ टक्क्यांची अट पुरी होते. त्याच वेळी सुमारे १५ टक्के पेशींत एक प्रत जाते आणि ३५ टक्के पेशींत चार किंवा अधिक. उलट एमओआय ०.३ ठेवला तर फक्त २६ टक्के पेशींत जनुक जातं, पण त्यांतल्या सुमारे ८६ टक्के पेशींत एकच प्रत असते.

प्रत्यक्षातली विषमता या गणिताहून मोठी असते. प्रत गुणसूत्रावर कुठे बसली यावर तिचं बोलणं-गप्प राहणं ठरतं, आणि सगळ्या पेशी विषाणूला सारख्याच बळी पडत नाहीत. एकेक प्रत असलेल्या दोन पेशींचं व्हीईजीएफही अनेक पटींनी वेगळं असू शकतं. त्यात गटाने पहिल्या बॅचचं टायटर विषाणूच्या कवचातलं पी-२४ प्रथिन मोजून काढलं होतं. पी-२४ सगळे कण मोजतं, निकामी असलेलेही. संसर्गक्षम कण त्यांच्या तुलनेत शंभरपट ते हजारपट कमी असू शकतात. पुढच्या बॅचला मोजणी मायोब्लास्टवरच, फ्लो सायटोमेट्रीने (एकेक पेशी लेसरपुढून नेऊन तपासण्याच्या पद्धतीने) झाली. आकडे विश्वासार्ह झाले आणि ९५ टक्क्यांची अट बिनबोभाट गाठली गेली.

तपासणी ठरली एलायझा, म्हणजे प्रतिपिंडांच्या मदतीने प्रथिन मोजणारी चाचणी: ठराविक पेशींनी एका दिवसात माध्यमात सोडलेलं व्हीईजीएफ. प्रत्येक बॅचमागे एक आकडा, आणि तो बॅचगणिक सारखा येत होता. सगळे समाधानी होते.

याच सुमारास एका विद्यार्थिनीने २००० मधला एक शोधनिबंध बैठकीत मांडला होता. त्यात व्हीईजीएफ बनवणारे मायोब्लास्ट उंदराच्या हृदयात टोचल्यावर रक्तवाहिन्यांच्या गाठी झाल्या आणि प्राणी दगावले. चर्चेत त्याची तीन कारणं पुढे आली: हृदय नाजूक असतं, तिथला वेक्टर जुन्या पद्धतीचा होता, डोस जास्त असावा. तिन्ही शक्य होती. पण ‘जास्त’ म्हणजे नेमकं कशाचं जास्त, हे कुणी विचारलं नाही. पुढचं सगळं त्या न विचारलेल्या प्रश्नाभोवती फिरतं.

अडचण

तिसऱ्या आठवड्यात पशुवैद्यांनी नोंद केली की काही उंदरांचे टोचलेले पाय सुजले आहेत आणि एका उंदराच्या मांडीत बोटाला गाठ लागते. गटातल्या एका सदस्याला हे चांगलं लक्षण वाटलं: व्हीईजीएफ काम करतंय, गळती आहे म्हणजे वाहिन्या वाढताहेत. लेसर डॉप्लरवर काही प्राण्यांचा प्रवाह खरोखर वाढलेला होता. पशुवैद्य मात्र आग्रही राहिल्या. त्यांनी चार आठवड्यांची नियोजित वेळ येण्याआधी त्या प्राण्यांचे ऊतक तपासायला लावलं.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन चित्रं शेजारीशेजारी होती. काही ठिकाणी फुगीर, वाकडीतिकडी, रक्ताने भरलेली पोकळ्यांची झुंबड दिसत होती. भिंतींना केशवाहिन्यांना बाहेरून आधार देणाऱ्या पेरिसाइट पेशींऐवजी गुळगुळीत स्नायूपेशींचा जाड थर होता. हे अँजिओमासारखं, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या गाठीसारखं, विकृत रूप. त्याला लागून असलेल्या भागात, जिथे टोचलेले मायोब्लास्ट होते हे नक्की, तिथे काहीच घडलेलं नव्हतं. मधलं, हवं होतं ते चित्र, म्हणजे सुबक केशवाहिन्यांची दाटी, फारच थोड्या जागी सापडलं. एकाच बॅचच्या, एकाच आकड्याच्या पेशींनी एकाच स्नायूत अपाय केला, थोडा उपाय केला आणि काही ठिकाणी काहीच केलं नाही.

पहिल्या बैठकीत तीन मतं पडली. एक: टोचलेल्या पेशींचाच कर्करोग झाला. दोन: वेक्टरमध्ये पुन्हा वाढू शकणारा विषाणू तयार झाला. तीन: डोस जास्त झाला, पेशी कमी करा.

पहिल्या दोन शंका वेगाने तपासल्या गेल्या, आणि ते योग्यच झालं, कारण त्या खऱ्या निघाल्या असत्या तर काम तिथेच थांबवावं लागलं असतं. टोचलेल्या पेशींवर खूण होती. विकृत वाहिन्यांच्या भिंतीत ती खूण सापडली नाही. भिंती यजमान उंदराच्याच पेशींच्या होत्या. पेशी अनेक पॅसेज (एका ताटातून नव्या ताटात हलवण्याच्या फेऱ्या) वाढवूनही माध्यमात पी-२४ आढळलं नाही. शिवाय काही प्राण्यांना व्हीईजीएफ पकडून ठेवणारं अफ्लिबरसेप्ट दिल्यावर कोवळ्या विकृत वाहिन्या ओसरल्या. म्हणजे हे व्हीईजीएफचंच काम होतं.

मग राहिलं तिसरं मत.

तिसरा निर्णय: डोस कमी करणं म्हणजे काय

सर्वांत स्वस्त उपाय होता कोऱ्या पेशी मिसळण्याचा. व्हीईजीएफ बनवणारी एक पेशी आणि नऊ साध्या, म्हणजे एकूण व्हीईजीएफ दहापट कमी. ज्येष्ठ शास्त्रज्ञांना हा मार्ग पटत नव्हता, पण प्रयोग सोपा होता म्हणून केला गेला. एलायझाचा आकडा अपेक्षेप्रमाणे उतरला. स्नायूत विकृत जागांची संख्या कमी झाली, पण त्या राहिल्या. आणि चांगल्या केशवाहिन्या वाढल्या नाहीत.

उत्तर आधीपासून छापलेलं होतं. स्टॅनफर्डमधल्या हेलन ब्लाऊ यांच्या प्रयोगशाळेने २००४ मध्ये दाखवलं होतं की सामान्य आणि विकृत वाहिन्यांमधली सीमा एकूण डोसवर ठरत नाही, ती व्हीईजीएफ बनवणाऱ्या प्रत्येक पेशीच्या अगदी लगतच्या परिसरातल्या प्रमाणावर ठरते. त्यांनी एकेका पेशीपासून वाढवलेले, प्रत्येकी ठरावीक व्हीईजीएफ सोडणारे मायोब्लास्ट वापरले होते. सीमेखालच्या पेशी कितीही टोचल्या तरी केशवाहिन्या सुबक राहिल्या. सीमेवरच्या पेशी पातळ करूनही गाठी झाल्या.

कारण प्रथिनाच्या घडणीत आहे. माणसातल्या व्हीईजीएफ-१६५ ला (उंदरात एक अमिनो आम्ल कमी, म्हणून १६४) पेशींभोवतीच्या हेपरानयुक्त धाग्यांना चिकटणारा भाग असतो. पेशीतून बाहेर पडलेलं प्रथिन लगेच आसपासच्या जाळीत अडकतं, दूर पसरत नाही. म्हणून जास्त सोडणाऱ्या पेशीचं जास्त आणि कमी सोडणाऱ्या पेशीचं कमी हे मिसळून मध्यम होत नाही. सगळ्या शेताला किती पाणी दिलं हे मोजून कोणत्या वाफ्यात ते तुंबलं आणि कोणता कोरडा राहिला हे कळत नाही. एलायझाचा आकडा तसाच होता. ताटातल्या माध्यमात सगळं ढवळलं जातं, स्नायूत नाही.

हे लक्षात आल्यावर पर्यायांची छाननी बदलली. आता प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न विचारला जात होता: यामुळे सरासरी हलेल, की पेशी-पेशींमधला फरक आक्रसेल?

दुबळा प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) वापरला तर सगळेच आकडे खाली सरकतात, फरक तेवढाच राहतो. एमओआय उतरवला तर जास्त प्रतींच्या पेशी जातात, फरक काहीसा आक्रसतो. एकपेशीय वाण वाढवले तर फरक जवळजवळ नाहीसा होतो, पण मायोब्लास्ट इतके विभागून थकतात, त्यांची तंतूंशी एकरूप होण्याची क्षमता घटते, आणि प्रत्येक रुग्णासाठी हे करणं व्यवहारात अशक्य. डॉक्सिसायक्लिन या औषधाने चालू-बंद होणारी रचना काळावर ताबा देते, फरकावर नाही; शिवाय त्यासाठी लागणारं जिवाणू-विषाणूंचं मिश्र प्रथिन शरीराला परकं वाटतं. व्हीईजीएफसोबत पीडीजीएफ-बीबी हा आणखी एक ग्रोथ फॅक्टर (वाढ घडवणारं प्रथिन) द्यावा, म्हणजे पेरिसाइट ओढले जाऊन वाहिन्या स्थिरावतील, हा विचारही झाला. त्याला २०१२ मधल्या उंदरांवरच्या कामाचा आधार होता. पण एका ग्रोथ फॅक्टरचा हिशेब लागत नसताना दुसरा आणायला ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी नकार दिला. मला तो नकार त्या वेळेपुरता बरोबर वाटतो.

निवडलेला मार्ग बाझलमधल्या बान्फी यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलेला होता. वेक्टरमध्ये व्हीईजीएफच्या मागोमाग, त्याच संदेशावर, पेशीच्या पृष्ठभागावर दिसणारं एक निरुपद्रवी, कापलेलं प्रथिन ठेवायचं. दोन्ही एकाच आरएनएवरून बनत असल्याने पृष्ठभागावरची खूण जितकी ठळक तितकं व्हीईजीएफ जास्त. मग फ्लो सायटोमेट्रीने जिवंत पेशींतून हव्या त्या पट्ट्यातल्या पेशी वेगळ्या काढायच्या. पेशी न मारता प्रत्येकीचं व्हीईजीएफ अप्रत्यक्षपणे वाचता येतं, ही या मार्गाची खरी ताकद.

काय केलं

नवा वेक्टर उंदराच्या व्हीईजीएफ-१६४ चा बनवला. आधी मानवी जनुक वापरलं होतं, कारण ते तयार मिळत होतं. मानवी प्रथिन उंदरात काम करतं, पण आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या प्रयोगात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि मग व्हीईजीएफ ओसरलं की अडवलं गेलं हे सांगता येत नाही.

एमओआय ०.३ ठेवला. विषाणूला पेशीत शिरायला मदत करणाऱ्या पॉलिब्रीनचं प्रमाण घटवलं, कारण जास्त प्रमाणात त्याने मायोब्लास्टची वाढ मंदावत असल्याचं त्यांना दिसलं होतं. पेशी तीन पट्ट्यांत वाटल्या: मंद, मध्यम, ठळक. प्रत्येक पट्ट्याचं एलायझा पुन्हा केलं, पण आता तो आकडा एका अरुंद गटाचा होता. नियंत्रणासाठी फक्त खूण असलेला, व्हीईजीएफ नसलेला वेक्टर होता.

याची किंमत मोठी होती. शंभर पेशींतल्या सव्वीसांत जनुक, त्यातला मधला पट्टा साधारण एक तृतीयांश, म्हणजे हाती नऊसुद्धा नाहीत. एका विद्यार्थ्याने पेशी आणखी वाढवून संख्या भरून काढायचं सुचवलं. तसं केलं असतं तर थकलेले मायोब्लास्ट टोचले गेले असते. त्याऐवजी जास्त स्नायू घेऊन सुरुवातीलाच जास्त पेशी मिळवल्या आणि पॅसेज मोजके ठेवले. पाच महिन्यांचं वेळापत्रक त्यामुळे लांबलं, आणि निधी देणाऱ्यांना ते पत्राने कळवावं लागलं.

आणखी दोन गोष्टी पशुवैद्यांच्या आग्रहाने झाल्या. पाय किती सुजला की प्राणी प्रयोगातून काढायचा हे आधीच लिहून ठेवलं. आणि पहिली फेरी धमनी न बांधलेल्या निरोगी पायांत घेतली. निरोगी स्नायूत ऑक्सिजन कमी नसतो, शरीराचं स्वतःचं व्हीईजीएफ वाढलेलं नसतं; जे दिसेल ते टोचलेल्या पेशींचं असतं. ऊतकाचे काप पाहणाऱ्याला कोणता गट कोणता हे माहीत नव्हतं.

परिणाम

निरोगी स्नायूत उत्तर स्वच्छ आलं. मंद पट्ट्यात फारसा बदल नाही. ठळक पट्ट्यात पुन्हा अँजिओमासारख्या पोकळ्या. मध्यम पट्ट्यात केशवाहिन्यांची दाटी, पेरिसाइटचं आवरण असलेली, आणि बारा आठवड्यांनीही टिकलेली. विकृत जागा मध्यम पट्ट्यात सापडली नाही. जनुक, वेक्टर आणि पेशी तीनही गटांत एकच होत्या. बदललं होतं फक्त प्रत्येक पेशीचं प्रमाण.

धमनी बांधलेल्या पायांतलं उत्तर इतकं देखणं नव्हतं, आणि गटाने ते तसंच लिहिलं याबद्दल मला आदर आहे. केशवाहिन्या वाढल्या. डॉप्लरवर सुरुवातीला नियंत्रण गटापेक्षा थोडा फायदा दिसला, पुढे दोन्ही गट जवळ आले. याची दोन कारणं आहेत. प्रयोगात सी-५७ ब्लॅक-६ जातीचे तरुण उंदीर होते, आणि ही जात धमनी बांधल्यावर काही आठवड्यांत स्वतःच बरीच सावरते. जिथे निसर्गच काम उरकतो तिथे उपचाराला दाखवायला जागा राहत नाही. दुसरं कारण अधिक मूलभूत आहे. केशवाहिन्या वाढणं म्हणजे रक्त पोहोचणं नव्हे. अडथळ्याला वळसा घालून रक्त आणतात त्या मांडीतल्या पर्यायी धमन्या, आणि त्या रुंदावतात मुख्यतः वाढलेल्या प्रवाहाच्या घर्षणाने. व्हीईजीएफ पोटरीत केशवाहिन्यांचं जाळं दाट करतं. वरून येणारा प्रवाहच अपुरा असेल तर त्या जाळ्यात वाटायला रक्त कमीच असतं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, ९५ टक्क्यांची अट. ती कुठल्याही जैविक गरजेतून आलेली नव्हती. त्याऐवजी ‘टोचलेल्या पेशींपैकी किती पेशी ठरलेल्या पट्ट्यात आहेत’ असा निकष सुरुवातीलाच ठेवला असता तर एमओआयचा निर्णय उलटा झाला असता. हा निकष मांडायला नवं यंत्र लागत नव्हतं. फ्लो सायटोमेट्री पहिल्या दिवसापासून प्रयोगशाळेत होती, फक्त तिचा उपयोग पेशी ‘आहे की नाही’ मोजण्यापुरता केला जात होता.

दुसरं, २००० च्या शोधनिबंधावरची चर्चा. तिथे आलेली तिन्ही स्पष्टीकरणं महिन्याभरात निरोगी स्नायूत, मोजक्या प्राण्यांवर तपासता आली असती. धमनी बांधण्याचा अवघड नमुना आणि नवा वेक्टर एकाच वेळी आणल्याने सूज कशाची, इजेची की व्हीईजीएफची, हे सुरुवातीला कुणालाच ठरवता आलं नाही. त्या संदिग्धतेमुळेच ‘सूज म्हणजे यश’ असं मत मांडता आलं.

तिसरं, पशुवैद्यांचं स्थान. पहिल्या आराखड्यात त्यांचं काम प्राणी सांभाळण्यापुरतं होतं. डोस आणि थांबण्याचे निकष ठरवताना त्या बैठकीत असत्या तर तिसऱ्या आठवड्यातली रस्सीखेच टळली असती.

कोऱ्या पेशी मिसळण्याच्या प्रयोगाबद्दल मतभेद आहेत. उत्तर छापलेलं असताना तो करून वेळ गेला असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही. स्वतःच्या वेक्टरवर, स्वतःच्या पेशींवर तो निकाल पाहिल्यावरच गट एलायझाच्या आकड्यावरचा भरवसा सोडायला तयार झाला. मात्र त्यासाठी वापरलेले प्राणी कमी असू शकले असते.

पुढच्या टप्प्यासाठी गटाने वयस्कर, मधुमेही उंदीर आणि धमनी बांधल्यावर कमी सावरणारी बाल्ब-सी जात निवडली आहे. मुख्य निकष म्हणून केशवाहिन्यांच्या मोजणीऐवजी चालण्याची क्षमता आणि ऊतक वाचणं धरलं आहे. वेक्टरमध्ये एक सुरक्षा-कळ घालायची आहे: औषधाचा रेणू दिला की सक्रिय होऊन जनुक घातलेल्या पेशी मारणारं कॅस्पेस-९. प्रश्न जागेचा आहे. व्हीईजीएफ, पृष्ठभागाची खूण आणि कळ हे तिन्ही एका संदेशावर बसवले की शेवटच्या प्रथिनाचं प्रमाण घसरतं. खूण आणि व्हीईजीएफ यांचं नातं त्यामुळे बिघडलं तर पट्टा निवडण्याचा आधारच जातो. म्हणून प्राण्यांत जाण्याआधी नव्या रचनेत हे नातं पेशीनिहाय मोजण्याचं काम सध्या चालू आहे, आणि त्यासोबत मध्यम पट्ट्यातल्या पेशींत वेक्टर गुणसूत्रावर कुठे-कुठे बसला याची नोंदही घेतली जात आहे.